पाठकोरे

होळीच्या आदल्या दुपारी पुरणयंत्र काढलं. वर्षातून दोनदाच निघतं ते, होळीला आणि बेंदराला. मिक्सरमध्ये पुरण फिरवणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत आणि त्या स्वभावाने चांगल्या आहेत, एवढंच म्हणते. यंत्र काकूचं. सांगलीच्या गावभागातलं घर आवरताना माझ्या वाट्याला आलं. बारीक जाळी एका कागदात गुंडाळलेली होती. कागद उलगडला तर काकूचं अक्षर. गूळ २ किलो. हरभरा डाळ दीड किलो. जायफळ १. वेलची (भाव बघून). कोर्ट फी तिकिटं. दाढीची ब्लेडं.

मागे टाइप केलेला मजकूर होता. असणारच. त्या घरात दोन्ही बाजूंनी कोरा कागद मी फारसा पाहिलाच नाही.

काकू वकील. काका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. डॉक्टरची बायको डॉक्टरीणबाई, मास्तरची मास्तरीणबाई, तशी वकिलाची बायको ती वकिलीणबाई, असा आपल्याकडचा हिशेब. स्वतःच वकील असलेल्या बाईच्या नवऱ्याला काय म्हणायचं, याची सोय भाषेने केलेली नाही. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा १९२३ चा. शंभर वर्षं होऊन गेली, शब्द काही मिळाला नाही. खेड्यावरून आलेले पक्षकार धोतर आवरत ओसरीवर टेकायचे आणि काकांनाच हात जोडायचे, "वकीलसाहेब, जरा काम होतं." काका पेपर खाली न घेता म्हणायचे, "साहेब आत कुकर लावतायत. बसा." मग चहाही काकाच आणायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटायचा का, ते कधी कळलं नाही. साखर मात्र जास्त घालायचे.

तर पाठकोरे. चुकलेले अर्ज, रद्द झालेले मसुदे, कार्बनखाली सरकलेल्या प्रती, सगळ्याची थप्पी काकूच्या टेबलाखाली असायची. दाभणाने शिवून त्याच्या आम्हा भावंडांना गणिताच्या वह्या. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट इतक्या जोरात बडवायचा की पूर्णविराम कागदाच्या आरपार जायचे. त्यामुळे आमच्या बाजूला भलत्याच ठिकाणी दशांश चिन्हं उगवायची. माझं गणित कच्चं का राहिलं, असं कोणी विचारलं तर मी अजून हेच कारण देते.

गणित राहिलं, पण भाषा आली. 'वादी', 'जाबदार', 'दरखास्त', 'येणेप्रमाणे' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याइतकेच जवळचे. चौथीत असताना तापासाठी रजेचा अर्ज लिहिला, त्याचा शेवट असा: 'सबब अर्जदार हिस दोन दिवसांची रजा देण्याचा हुकूम व्हावा. वरील मजकूर खरा आहे.' बाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. मला वाटलं, कौतुक चाललंय.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. आमचे सगळे कागद आखूड असायचे. वरची तीनचार बोटं नसायचीच. काकू थप्पीत कागद टाकण्याआधी स्टीलची पट्टी ठेवून वरचा भाग टर्रकन फाडायची, खाली मजकुरात कुठे काही असलं तर त्यावर शाईने आडवी रेघ ओढायची, आणि फाडलेल्या पट्ट्या थेट बंबात. 'टर्र' ऐकू आलं की आम्ही समजायचो, नवी वही येणार. कागद कारखान्यातूनच तेवढा येतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. त्या पट्टीवर नावं असतात, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते.

कारण ज्या बाया यायच्या, त्या आमच्याच गल्लीतल्याही असायच्या. एकीच्या हातची चकली आम्ही आदल्या दिवशी खाल्लेली असायची, आणि तिच्याच पोटगीच्या अर्जामागे मी लसावि काढत असेन. जतकडची एक बाई पहाटेच्या एसटीने येऊन तारीख घेऊन संध्याकाळी परत जायची. पुढची तारीख, पुन्हा एसटी. त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना ५०० रुपयांच्या वर पोटगी देताच यायची नाही. ती मर्यादा निघाली २००१ मध्ये. काकू म्हणायची, यातले निम्मे तर एसटीच खाते. आता तो कायदाही बदलला, कलम १४४ झालं. काकू असती तर म्हणाली असती, आकडा वाढला ना, चला.

फी बऱ्याचदा जिनसांत यायची. तासगावकडून बेदाणे, जतेकडून शाळू, कुणाच्या पिशवीत ओली हळकुंडं. काका ती हळकुंडं नखाने टोकरून बघायचे आणि प्रत ठरवायचे. कासेगावच्या इंदुताई पाटणकर परित्यक्तांचा, म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा, प्रश्न घेऊन गावोगाव हिंडत, तेव्हा काकूही कधी कधी मेळाव्याला जायची. येताना पिशवीत चार नव्या जणींचे पत्ते आणि आमच्यासाठी चिरमुरे.

सगळंच गोड नव्हतं. माझी चुलत बहीण अजून म्हणते, "आई गावाची वकील होती. आमच्या बाजूने कधी उभी राहिली?" भांडण घेऊन गेलं की काकू विचारायची, "पुरावा?" कोपराला दातांचे वण दाखवले तरी दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल नाही. बहिणीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी काकू कुठल्याशा वाटपाच्या दाव्यात इस्लामपूरला होती. पेढे काकांनी आणले. बहिणीने हे माफ केलेलं नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही केलं नसतं.

वाटपावरून आठवलं. लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आपल्या राज्यात १९९४ मध्ये झाली, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यातून वगळलेल्या. ती अट गेली २००५ च्या केंद्राच्या कायद्याने. काकू हे ओसरीवर बायांना भाकरीच्या चतकोरांवर समजावून सांगायची, हा भावाचा, हा तुझा. सही करू नका, कितीही गोड बोलले तरी हक्कसोडावर सही करू नका, हे तर पाठच. आणि तिच्या स्वतःच्या माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तिने भावाला केव्हाच करून दिलेलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी चांगलीच उसळले. ती कणीक मळत होती. म्हणाली, "त्या विहिरीला पाणी नव्हतं गं." एवढंच. पुढे म्हणाली, तेल दे जरा इकडे.

मी तिच्या माहेरी गेलेली आहे. विहिरीला पाणी होतं.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातलं घर माळ्याखालपर्यंत बुडालं. थप्प्या गेल्या. ओसरल्यावर काकू काठीने चिखल उकरत फिरत होती. आम्हाला वाटलं, फायली शोधतेय. ती स्टीलची पट्टी शोधत होती. पुढच्या वर्षी काकू गेली. पुरणयंत्र माळ्यावर होतं म्हणून वाचलं.

आणि त्यातला हा कागद. पूर्ण लांबीचा! तिच्या हातून वरचा भाग फाडायचा राहिलेला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. होळीची घाई असणार. मला आधी गंमतच वाटली. सापडलीस, म्हटलं. मग 'मे. कोर्टात' याच्या खाली, अर्जदार म्हणून, ठळक टायपात नाव वाचलं. वय २३. आडनाव ओळखीचं. परवाच बाजारात मी तिच्याकडून मेथी घेतली, आणि तिने कोथिंबीर वर घातली होती.

पट्टी शोधली. घरात पट्टी नाही. शेवटी कागद दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि फाडला. टर्र काही झालं नाही, कागद जुना, नुसता निघून आला. फाडलेली पट्टी गॅसवर धरली.

मग ध्यानात आलं, मागच्या बाजूचा गूळही गेला. डाळीपासून पुढची यादी तेवढी राहिली आहे. दोन किलोच होता ना?