डोळे मिटून उभं राहणं

सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की माझा तोल किंचित जायचा. पडायचो वगैरे नाही, नुसतं कलल्यासारखं व्हायचं आणि हात आपोआप बेसिनच्या कडेवर जायचा. बरेच दिवस मी ते अपुऱ्या झोपेवर ढकललं, मग वयावर, मग चक्क स्लिपरवर. शेवटी पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा घरच्यांनी धरून न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. मला वाटलेलं आता लगेच एमआरआयच्या बोगद्यात ढकलणार, तर डॉक्टर म्हणाले, बूट-मोजे काढा, आणि पुढचा बराच वेळ आम्ही दोघं जे काही करत होतो ते कुणी खिडकीतून बघितलं असतं तर दोघांनाही ॲडमिट करून घेतलं असतं.

आधी स्वतःच्या नाकाला बोट लावायचं, मग त्यांच्या बोटाला, परत नाकाला, आणि त्यांचं ते लबाड बोट दरवेळी जागा बदलणार. मग एका तळव्यावर दुसरा हात पालथा-उताणा, पालथा-उताणा, भराभर. मग आडवं पडून एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर टेकवून नडगीवरून सरळ खाली घोट्यापर्यंत न्यायची. हे सगळं लहान मेंदूचं खातं. नाव लहान, पण मेंदूतल्या एकूण न्यूरॉन्सपैकी निम्म्याहून जास्त तिथेच बसलेत. तिथे बिघाड असेल तर बोट नाकाच्या जवळ येईल तसं जास्तच थरथरतं आणि नेम चुकतो. माझं बोट दरवेळी बरोब्बर नाकाच्या शेंड्यावर. मी पहिल्या बाकावरच्या पोरासारखा खूश.

मग म्हणाले पाय जुळवून उभे राहा. राहिलो. आता डोळे मिटा. मिटले, आणि घोट्यांत जी काही चुळबुळ सुरू झाली! पुढे, मागे, पायाची बोटं फरशी धरून ठेवायला बघतायत, आणि मी डावीकडे चाललोय हे मला कळलं कधी, तर डॉक्टरांचा हात खांद्याला लागला तेव्हा.

याला रॉम्बर्ग टेस्ट म्हणतात. मॉरिट्झ रॉम्बर्ग हे बर्लिनचे डॉक्टर, 1840 च्या दशकात त्यांनी आपल्या ग्रंथात असे पेशंट लिहून ठेवले जे डोळे उघडे असताना नीट उभे राहायचे आणि मिटले की डुलायला लागायचे. डोळे मिटायला सांगायचं, बस, ना मशीन ना सुई, आणि ही टेस्ट अजून चालूय! तोल सांभाळायला तीन ठिकाणांहून खबर येते, डोळे, कानाचा आतला भाग, आणि स्नायू-सांधे. तिन्हीपैकी दोन धड असले तर गाडी चालते. म्हणजे माझे पाय कधीपासून मेंदूला धड काही कळवत नव्हते आणि डोळे गपचूप त्यांचं काम उरकत होते, ऑफिसात एखादा रोज दांडी मारतो आणि शेजारचा त्याच्या फायली हातावेगळ्या करतो तसं. शेजारचा रजेवर गेला की भांडं फुटतं. (बऱ्याच जणांना ही टेस्ट लहान मेंदूची वाटते, मलाही वाटलेली. पण लहान मेंदू बिघडलेला माणूस डोळे सताड उघडे ठेवूनही डुलतो.)

सगळ्यात मजा अंगठ्याची. डोळे मिटून आडवं पडायचं, डॉक्टर पायाचा अंगठा हलवणार आणि आपण सांगायचं वर की खाली. अंगठा धरायचा तोही दोन्ही बाजूंनी, वरून-खालून नाही, नाहीतर बोटाच्या दाबावरूनच पेशंट ओळखतो, म्हणजे कॉपी झाली. मी आधी आत्मविश्वासाने वर, खाली, वर करत होतो आणि मग ते म्हणाले, अहो, मी अजून हलवलाच नाहीये. माझाच अंगठा, इतकी वर्षं सोबत, आणि मी ठोकून देतोय. मग 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याच अंगठ्याच्या हाडावर टेकवला, काही नाही, नुसतं गार लोखंड. घोट्यावर टेकवला तेव्हा कुठे बारीक झिणझिण लागली.

आपले अवयव कुठे आहेत हे न बघता कळणं, याला शेरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने 1906 मध्ये प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं. नाव जरा जडच आहे. शाळेत पंचेंद्रियं पाठ केली त्यात हे कुठेच नव्हतं, आणि अंधारात जिना उतरायचा, पाठीमागे हात नेऊन बटण लावायचं, ते याच्याच जोरावर.

रिपोर्टमध्ये बी-12 निघालं तळाला. ते कमी पडलं की मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जाणाऱ्या तारांवरचं वेष्टण खराब होतं, आणि सांध्यांची खबर त्याच तारांतून जाते. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले फरक पडेल, पण हळूहळू, आणि तोवर अंघोळ करताना डोळे मिटायचे तर भिंतीला एक बोट लावून ठेवा. भार नाही टाकायचा, नुसतं टेकवायचं, तेवढ्यानेही डुलणं कमी होतं कारण मेंदूला आधार नको असतो, पत्ता हवा असतो.

करून बघितलं. तोंडाला साबण, डोळे बंद, आणि करंगळी टाइलवर. खरंच उभा राहतो. फक्त एका हाताने तोंड धुवायची सवय नाही, साबण अर्धा कानात जातोय.