देवणीचा वाण राखायचा तर
देवणी ही गायीबैलांची जात, तिच्यात रंग तीन. वानेऱ्याचं अंग पांढरं, तोंड काळं. बाळंक्याच्या पोटाखाली काळे ठिपके. शेवऱ्याच्या अंगभर वेडेवाकडे काळे डाग. पण नुसत्या रंगावर वळू निवडू नका, त्याच्या आईचं दूध विचारा.

गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करून घ्या, संध्याकाळी आली तर दुसऱ्या सकाळी. सोट, म्हणजे माजात गळणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबता हवा. पांढुरका, पू मिसळलेला दिसला तर तो माज सोडा, आधी डॉक्टरला दाखवा. वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांडीवर देवणीच लिहिलंय ना, हे स्वतः वाचा. घाईत जर्सीची भरली की वाण गेला. गाय उलटली, म्हणजे गाभ राहिली नाही, तर साधारण 21 दिवसांनी पुन्हा माज.

गावचा वळू तीन वर्षांत बदलाच. नाहीतर तो स्वतःच्याच कालवडींवर जातो, वासरं खुजी निपजतात, गायी उलटतात. रंग मात्र झकास!