बाभळीचा खोडा

2022 च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोगाची साथ पसरली, तेव्हा कळमेश्वर तालुक्यातील आमच्या शेतावरच्या सहा जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचून घ्यायची होती. गोठ्यात खोडा, म्हणजे उपचारासाठी जनावराला उभे अडकवून धरणारी चौकट, नव्हता. कडुनिंबाला दोर बांधून एकेक जनावर आवळण्यात दीड तास गेला, एका बैलाने माझ्या पायावर खूर ठेवला आणि एक सुई वाकली. ढोराचे डॉक्टर (आमच्याकडे पशुवैद्यकाला हेच नाव आहे) जाताना एवढेच म्हणाले, की पुढच्या वेळी खोडा असला तर बरे होईल.

सरकारी दवाखान्यात सहसा लोखंडी पाइपचा खोडा दिसतो. तो टिकाऊ असतो, यात वाद नाही. परंतु मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की त्या पाइपला हात लावता येत नाही, आणि शिंग आपटले की होणाऱ्या खणखणाटाने मागे उभी असलेली जनावरेही बिथरतात. म्हणून मी लाकूड निवडले. बांधावर सागवान उभे होते, पण ते तोडायचे तर 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी घेणे आले, आणि खोड्यासाठी सागवान वापरणे ही मला उधळपट्टीच वाटते. खांबांसाठी बाभूळ घेतली आणि मापाच्या आडव्या बल्ल्या (लाकडी वासे) नागपूरच्या लकडगंज या लाकूडबाजारातून आणल्या. बाभळीची साल त्याच दिवशी काढावी, नाहीतर तिच्याखाली भुंगा लागतो. भोकेही लाकूड ओले असतानाच पाडून घ्यावीत, कारण वाळलेल्या बाभळीत गिरमिट फिरवताना वाढईचे (सुताराचे) खांदे भरून येतात.

मापांबाबत बहुतेकांची चूक होते ती रुंदीत. जनावराला ऐसपैस वाटावे म्हणून खोडा तीन फूट रुंद केला, की लहान चणीची गाय त्यात सरळ मागे वळते आणि डॉक्टरांकडे शिंगे करून उभी राहते. आमच्या खोड्याची आतली रुंदी 27 इंच आणि लांबी सहा फूट आहे. अंगाने सडसडीत असलेली गवळाऊ गाय त्यात थोडी मोकळी राहते, तर जर्सी संकर कुशीला बल्ली घासत आत शिरतो. सर्वांत खालची बल्ली जमिनीपासून दीड फुटावर ठेवली, म्हणजे कासेपर्यंत हात जातो आणि खूर तासण्यासाठी पाय बाहेर घेता येतो.

खांब आठ फुटांचे असून त्यांपैकी तीन फूट जमिनीत आहेत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी खांबाला थोडाथोडा हलवते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डे खणले आणि निघालेली माती परत न टाकता मुरूम व गोटे थराथराने ठोकून भरले. लाकूड कुजते ते जमिनीच्या रेषेवर, कारण तेथे ओल आणि हवा एकत्र मिळतात. त्यामुळे डांबर बुडापासून जमिनीवर वीतभर उंचीपर्यंत फासले. उधई (वाळवी) मात्र एवढ्याने थांबत नाही, तिच्यावर लक्ष ठेवावेच लागते. आत फरशी मुद्दाम घातली नाही, कारण पाय घसरलेले जनावर पुन्हा त्या जागी यायला तयार होत नाही.

खोडा हा शब्द पूर्वी कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी साधनासाठीही वापरीत. माझा पहिला खोडा तशाच विचाराने बांधलेला होता: सर्व बल्ल्या खांबांना नट-बोल्टने घट्ट आवळलेल्या, मान अडवायला पुढे एक आडवा दांडा. तपासणीच्या वेळी पाच महिन्यांची गाभण गवळाऊ गाय घाबरून पुढचे गुडघे टेकू लागली आणि तिचा गळा त्या दांड्यावर दाबला गेला. “भाऊ, गाय तं बसली!” एवढे गडी ओरडला तेव्हा माझ्या हातात पानाही नव्हता. शेवटी करवतीने दांडा कापला. गाय वाचली, पण घरघरीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर वाढईला बोलावून मी आधी जनावर बाहेर कसे काढायचे ते ठरवले आणि मग आत कसे धरायचे ते. आता पुढे मानेच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे आहेत, त्यांतला एक वर खुंटीने अडकतो; जनावर बसले तरी मान त्यांच्यामधून खाली सरकते आणि गळा आवळला जात नाही. डाव्या बाजूच्या बल्ल्या खांबांच्या खाचांत फक्त बसवलेल्या आहेत, बाहेरची खुंटी उपसली की त्या एका हाताने निघतात. मागचा आडवा दांडाही तसाच सरकता आहे.

अपवाद आमच्या नागपुरी म्हशीचा. तिची लांब, चपटी, तलवारीसारखी शिंगे मागे खांद्यापर्यंत गेलेली आहेत, त्यामुळे डोके उभ्या दांड्यांमधून पुढे सहज जाते, पण मागे घेताना शिंगे अडकतात. तिच्यासाठी मानेचा दांडा लावतच नाही. म्होरकीचा दोर पुढच्या खांबाला एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधतो, तेवढ्याने काम भागते.

खोड्याचे तोंड उजेडाकडे आणि मोकळ्या वावराकडे ठेवले आहे, कारण जनावर अंधाराकडे जायला कचरते. सुरुवातीचे पंधरा दिवस डॉक्टरांना बोलावलेच नाही. रोज संध्याकाळी सरकीची ढेप खोड्याच्या पुढच्या टोकाला घमेल्यात ठेवायची, जनावराने खाऊन सरळ पुढून बाहेर पडायचे, दांडा लावायचा नाही. आता लाळ्या-खुरकुताच्या लसीला सहा जनावरांचे वीस मिनिटांत आटोपते. म्हैस तर ढेपेच्या वासाने बोलावण्याआधीच आत जाऊन उभी राहते, आणि घमेले रिकामे दिसले की सुईपेक्षा त्याच गोष्टीवर जास्त रागावते.

एक दोष राहिला आहे. पावसाळ्यात लाकूड फुगून डाव्या बाजूची मधली बल्ली खाचेत घट्ट बसते आणि हातोडीचा टोला मारल्याशिवाय निघत नाही. पोळ्याआधी पटाशीने ती खाच पाव इंच रुंद करून घ्यायची आहे. तोवर हातोडी खोड्यालाच दोरीने टांगून ठेवली आहे.