सरांची भिंत आणि अकरा घड्याळं

व्हिडिओ कॉलवर एकमेकांची गंमत करायची, या सगळ्याची सुरुवात कुणी ठरवून केली नव्हती. नवरात्रातला शुक्रवार होता, २३ ऑक्टोबर २०२०. दिवसाचा रंग हिरवा. ऑफिस बंद होऊन सात महिने झाले होते, तरी नऊ रंगांचा नेम आमच्या टीमने सोडला नव्हता. फरक एवढाच की कमरेच्या वर रंग आणि खाली घरातली पँट.

आमची नाशिकची मैत्रीण त्या दिवशी हिरवी पैठणी नेसून कॉलवर आली. तिच्या मागे मुलांच्या खेळण्यांचा ढीग असायचा, म्हणून तिने आदल्याच आठवड्यात मागे हिरवी चादर टांगली होती आणि झूममध्ये ‘ग्रीन स्क्रीन आहे’ ही खूण करून ठेवली होती. चादरीच्या जागी समुद्रकिनारा दिसायचा. त्या सकाळी पैठणीच्या जागीही समुद्रकिनारा दिसायला लागला. लाटांवर एक डोकं, दोन हात आणि मोत्यांची नथ.

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. जिथे हिरवं दिसेल तिथे चित्र लाव, असं आपणच त्याला सांगितलेलं असतं. माणसाच्या कातडीत हिरवा रंग नसतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून पडदा हिरवा वापरतात. पैठणीचा विचार ते बनवणाऱ्यांनी केलेला नसणार.

ती स्वतःच सगळ्यात जास्त हसली. चार मिनिटं तिने नुसते हात वरखाली केले. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे एकदम हसलो असं ते पहिल्यांदाच घडलं असेल. दुपारी नागपूरकराने एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्यात टीममधले आम्ही दहाही जण होतो. फक्त सर, म्हणजे आमचे बॉस, नव्हते.

आता हे ठरवून करायचं म्हटल्यावर पहिली अडचण सामानाची. मार्चमध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेतली बॉस मीटिंगमध्ये बटाटा होऊन बसली आणि तिला परत माणसात येता आलं नाही, तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता. तसलं काहीतरी करू, असं सगळ्यांचं म्हणणं. पण त्यासाठी स्नॅप कॅमेरा नावाचं सॉफ्टवेअर लागायचं (ते पुढे जानेवारी २०२३मध्ये बंदच झालं). कंपनीच्या लॅपटॉपवर काहीही टाकायचं तर आयटीकडे तिकीट काढावं लागतं आणि त्यात कारण लिहायचा एक रकाना असतो. तिथे ‘बटाटा’ लिहायची हिंमत दहापैकी एकातही नव्हती.

कुणीतरी बातमी काढली की इंग्लंडमध्ये लँकेशायरचं एक फार्म ५ पौंडांत तुमच्या मीटिंगला बकरी हजर करतं. इचलकरंजीचा म्हणाला, आमच्या शेजारची फुकट येईल. आली असती, पण ती कॅमेऱ्यापुढे टिकेना. दोन वेळा प्रयत्न करून त्याच्या हेडफोनची वायर गेली.

म्हणून ज्याला काहीच लागत नाही असं निवडलं : पुतळा व्हायचं. सर बोलत असताना ठरलेल्या क्षणी सगळ्यांनी आहे त्या स्थितीत थिजायचं, म्हणजे त्यांना वाटेल चित्र अडकलं. वाचायला सोपं वाटतं. आदल्या रात्री तालीम केली तेव्हा कळलं की माणूस एक वेळ गप्प बसेल, पण मागचा पडदा बसत नाही. पंखे बंद करायचे ठरलं. मागून घरचे जाऊ नयेत म्हणून दाराला कड्या लावायच्या. तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजलं की जास्त खरं वाटतं. पण मग लाळ गिळता येत नाही.

वार मुद्दाम गुरुवार निवडला, ५ नोव्हेंबर. सर पुण्यात राहतात, आणि पुण्यात गुरुवारी लाईट जाणं ही काही बातमी नसते. आम्हाला वाटलं, त्यामुळे जास्त खरं वाटेल. वाटलंही.

सरांनी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं, तीनदा ‘ऐकू येतंय का’ विचारलं आणि कॉलमधून गेले. आम्ही तोंडावर हात ठेवून हसत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सर येईनात. झालं असं होतं की आपलंच नेट गेलं असं समजून त्यांनी राउटर बंद करून चालू केला, आणि तो काही केल्या लवकर सुरू होईना. अकराला त्यांचा वरच्या साहेबांशी कॉल होता, तो त्यांनी जिन्यात उभं राहून मोबाईलवर उरकला.

ते रागावले नाहीत. ‘चालायचंच’ म्हणाले. पण त्या ‘चालायचंच’मध्ये काही जीव नव्हता. संध्याकाळी मी सांगलीहून फोन केला, कारण पुतळ्याची कल्पना माझी होती. सर म्हणाले, “अगं, गंमत कळली मला. पण वीस मिनिटं मला वाटत होतं की माझंच काहीतरी बिघडलंय.”

ते वाक्य मला चांगलंच लागलं. पैठणीवर आम्ही हसलो तेव्हा हसणाऱ्यांत ती होती. इथे आम्ही दहा एका खोलीत आणि सर जिन्यात. ग्रुपवर मी लिहिलं की यापुढे ज्याची गंमत करायची त्याला खुर्चीवरून उठावं लागता कामा नये, आणि मिनिटभरात ती गंमत आहे हे त्याला कळलं पाहिजे. मी टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे सगळे म्हणाले, आली बाई रिक्वायरमेंट घेऊन. पण कुणी वाद घातला नाही.

दिवाळीनंतर नागपूरकराने स्वतःवरच एक प्रयोग केला. झूममध्ये मागे फोटोऐवजी व्हिडिओही लावता येतो. त्याने तोच शर्ट घालून, त्याच खोलीत, दार उघडून आपण चहा घेऊन येतो असं शूट केलं आणि ते मागे लावून पुढे बसला. म्हणजे बसलेल्या नागपूरकराला उभा नागपूरकर चहा आणून देतो. कल्पना झकास होती. फक्त व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता आणि तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पाच मिनिटांत सात कप चहा आला. त्याच्या लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता की आम्हाला वाटलं मागे चक्की आहे.

पण त्यातूनच भिंतीची कल्पना निघाली. सर रोज त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसतात. मागे भिंत, तिच्यावर कालनिर्णय, गोल घड्याळ आणि गणपतीचं छोटं फडताळ. आठ महिने रोज बघून ती भिंत आम्हाला पाठ झाली होती. सगळ्यांनी तीच मागे लावली तर?

स्क्रीनशॉट काढणं सोपं होतं. सर पाणी प्यायला उठले की एक बटण दाबायचं. मला ते पटेना. कुणाच्या घराचा फोटो त्याला न विचारता काढायचा आणि दहा लॅपटॉपवर ठेवायचा, हे बरं नाही. सरांना विचारलं तर गंमत संपली. मग वहिनींना विचारलं. दिवाळीत त्यांनी सगळ्यांना चकलीचे डबे कुरिअर केले होते, त्यामुळे फोन करायला संकोच नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली : “डावीकडचं कपाट नको गं येऊ देऊ, वर गाद्या आहेत.”

पहिला फोटो आला तो उभा. दुसरा आडवा, पण रात्रीचा. ट्यूबलाईटचा पांढरा उजेड आणि काचेत फ्लॅश. आमची मीटिंग सकाळी दहाची, तेव्हा त्या भिंतीवर खिडकीतून तिरपं ऊन येतं. तिसरा सकाळचा आला तर त्यात भिंत फार खालून दिसत होती, कारण त्यांनी फोन टेबलावर ठेवून काढला होता. लॅपटॉपचा कॅमेरा वीतभर वर असतो. वहिनींनी मग डाळीच्या डब्यावर फोन उभा केला, मागे पोळपाट टेकवलं आणि सर अंघोळीला गेल्यावर अचूक फोटो घेतला. तो आला २७ नोव्हेंबरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग १ तारखेला सरांनी कालनिर्णयचं पान उलटलं.

पुन्हा डाळीचा डबा, पुन्हा पोळपाट.

त्या फोटोत एका कडेला सरांच्या वडिलांची चंदनाचा हार घातलेली तसबीर येत होती. वहिनी काही बोलल्या नव्हत्या, पण ती मी कापून टाकली. दहा चौकटींत दहा वेळा ती दिसणं मला बरं वाटलं नाही. उरलेला फोटो १९२० बाय १०८० करून ग्रुपवर टाकला, तोही डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक करून पाठवतं आणि तारखा फिसकटतात.

रविवारी रात्री तालीम. पाच मिनिटांत गोंधळ सुरू. कुणी म्हणे माझं कालनिर्णय उलटं, कुणी म्हणे माझंही. वहिनींनी उलटा फोटो पाठवला का, इथपर्यंत चर्चा गेली. झूम आपलं चित्र आपल्याला आरशासारखं दाखवतं, बाकीच्यांना ते सरळच दिसत असतं, एवढीच ती भानगड. नाशिकची एकटी अडली. तिचा चष्मा आणि अर्धा कान भिंतीत जात होता. तिने टेबललॅम्प तोंडासमोर आणला तेव्हा कान परत आला.

सोमवार, ७ डिसेंबर. दहाच्या ठोक्याला सगळे आले, दहा चौकटींत दहा भिंती. सर आले आणि आल्याआल्या स्क्रीन शेअर करून एक्सेल दाखवायला लागले. स्क्रीन शेअर असली की बाकीची माणसं कडेला टिकलीएवढी होतात. त्यांना काही दिसलंच नाही. आम्ही त्या भिंतीपुढे बसून आठवड्याचे आकडे ऐकतोय, कुणाचा तरी माइक चालू-बंद होतोय, आणि माझ्या पोटात गोळा आलाय की हे एक्सेल आता साडेदहापर्यंत चालणार.

मग त्यांनी शेअर बंद केलं. अकरा चौकटी एकदम समोर आल्या.

वहिनींनी शेवटचा फोटो काढला तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. आमच्या दहाही घड्याळांत तीच वेळ होती. आणि हे आम्ही अजिबात ठरवलेलं नव्हतं, पण सरांच्या खऱ्या घड्याळातही त्या क्षणी दहा वाजून सातच मिनिटं झाली होती. अकरा घड्याळं, काटा न् काटा सारखा.

सर स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळूच मान वळवून त्यांनी स्वतःच्या भिंतीकडे पाहिलं. पुन्हा स्क्रीनकडे. “कोण कोण आहे रे माझ्या घरात?” असं ते म्हणाले आणि स्वयंपाकघरातून वहिनींचं हसू ऐकू आलं. तिथेच सगळं फुटलं. सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “फडताळावर धूळ दिसतेय. ज्याने त्याने आपापलं पुसून घ्या.”

खरं तर हे इथेच संपायचं. पण झूमची एक खोड आहे : एकदा लावलेली पार्श्वभूमी ते लक्षात ठेवतं.

फेब्रुवारीत टेक्सासमधल्या एका कोर्टाच्या सुनावणीला एक वकील मांजराच्या चेहऱ्याने हजर झाले. सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरवरून बसले होते आणि त्यावरचा फिल्टर त्यांना काढता येईना. आपण मांजर नाही, असं त्यांना न्यायाधीशांना सांगावं लागलं. ९ फेब्रुवारी २०२१ची गोष्ट. दोन दिवस आम्ही तोच व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतो. त्याच गुरुवारी नेदरलँड्सच्या क्लायंटबरोबर कॉल होता. आपल्याकडे दुपारचे साडेतीन, त्यांच्याकडे सकाळचे अकरा.

इचलकरंजीचा एरवी क्लायंटसमोर कॅमेरा लावत नाही. त्या दिवशी त्यालाच डेमो द्यायचा होता. कॅमेरा लागला आणि त्याच्या मागे सरांची भिंत उगवली. डिसेंबर महिना, दहा वाजून सात मिनिटं. शेजारच्या चौकटीत सर, तीच भिंत, फेब्रुवारी, साडेतीन. मी माइक बंद असूनही श्वास रोखून धरला. त्याने स्वतःकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. या खेपेला तो खरोखरच पुतळा झाला होता.

क्लायंटच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, “तुम्ही दोघं एकाच घरात राहता का?”

सरांनी पापणीही हलवली नाही. “हो,” ते म्हणाले, “एकत्र कुटुंब आहे आमचं.”

“अच्छा. पण त्यांचं घड्याळ…”

“त्याच्या खोलीतलं बंद पडलंय. सांगतो त्याला.”

डेमो व्यवस्थित झाला. कॉल संपल्यावर दोन मिनिटांत टीमच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला, इचलकरंजीकराला टॅग करून : ‘घड्याळात सेल टाक.’