माझ्याकडे चालतो, मग तिकडे का चालत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात पण प्रश्न एकच, की ‘आमच्या कॉम्प्युटरवर स्लाइडशो मस्त चालतो, पण तिकडे पाठवला की उघडतच नाही, असं का होतं?’ तिकडे म्हणजे कधी पुण्याच्या मामांकडे, कधी अमेरिकेतल्या मुलीकडे, आणि बहुतेक वेळा मंगल कार्यालयातल्या पडद्यावर, तेही पाहुणे यायला लागलेले असताना. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाची पन्नाशी, घरात काहीही असलं की जुने फोटो गोळा करून स्लाइडशो बनवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं, त्यामुळे हे प्रश्नही माझ्याकडेच येतात.

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर असं असतं की तुम्ही स्लाइडशो पाठवलेलाच नसतो, तुम्ही त्याची प्रोजेक्ट फाइल पाठवलेली असते.

माझ्या मावसबहिणीच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं साताऱ्याला. त्यांच्या नातवाने बंगलोरहून स्लाइडशो करून मेलवर पाठवला आणि इकडे तो काही केल्या उघडेना. मी म्हटलं आधी मला फाइलची साइझ सांगा. साइझ निघाली शंभर केबीच्याही आत! आता सासूबाईंचं अख्खं आयुष्य, माहेरच्या वाड्यासमोरचा नऊवारीतला फोटो, लग्न, तीन मुलं, पतवंडापर्यंत सगळं, शिवाय मागे सनई, हे सगळं शंभर केबीत मावेल का? मोबाइलने काढलेला एक साधा फोटोच तीन-चार एमबीचा असतो. त्या फाइलमध्ये एकही फोटो नव्हता, फक्त अमुक ड्राइव्हवरच्या तमुक फोल्डरमधला हा फोटो घे, पाच सेकंद दाखव, मग पुढचा घे, एवढंच लिहिलेलं होतं. वाणसामानाची यादी हातात आली म्हणून डबे भरत नाहीत, तसं आहे हे. फोटो सगळे बंगलोरच्या लॅपटॉपमध्ये, साताऱ्याचा कॉम्प्युटर ते शोधणार कुठे? त्याने मग तिकडून व्हिडिओ करून पुन्हा पाठवला आणि तो मुकाट चालला.

जुन्या विंडोज मूव्ही मेकरची फाइल डॉट डब्ल्यूएलएमपी असायची, प्रोशो या स्लाइडशोच्या सॉफ्टवेअरची डॉट पीएसएच, नाव काहीही असो, या सगळ्या याद्याच. आणि हाच प्रकार स्वतःच्या कॉम्प्युटरवरही होतो बरं का, दिवाळीत कॉम्प्युटरची साफसफाई करताना फोटोंचा फोल्डर डेस्कटॉपवरून डी ड्राइव्हवर हलवला किंवा त्याचं नाव बदललं की गेल्या वर्षीच्या स्लाइडशोत फोटोंच्या जागी काळे चौकोन नाहीतर फुल्या दिसायला लागतात. घाबरू नका, काही गेलेलं नसतं. फोल्डर परत होता तिथे, होता त्याच नावाने ठेवा, बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं. म्हणून मी सांगते की नवीन काम सुरू करताना आधी एक फोल्डर करायचा, त्यात सगळे फोटो, गाणी आणि प्रोजेक्ट फाइल आणून टाकायची आणि मगच सॉफ्टवेअर उघडायचं. पेन ड्राइव्हवरून किंवा मोबाइलच्या केबलवरून थेट फोटो ओढून घेतले की केबल काढल्यावर ते गेलेच म्हणून समजा.

मग पाठवायचं काय, तर व्हिडिओ. सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट, पब्लिश, सेव्ह मूव्ही, क्रिएट व्हिडिओ असं काहीतरी बटण असतं, ते दाबून जी एमपीफोर फाइल तयार होते ती पाठवायची. सेव्ह दाबणं वेगळं आणि एक्सपोर्ट वेगळं. आणि काहीजण प्रोजेक्ट फाइलचं नाव बदलून शेवटी डॉट एमपीफोर लिहितात, त्याने नाव बदलतं, आतलं काही बदलत नाही.

एक्सपोर्ट करताना दहा पर्याय समोर येतात तिथे लोक अडकतात. माझं ठरलेलं आहे, एमपीफोर, त्यात चित्र दाबून साठवायची पद्धत एच २६४, आवाजासाठीची पद्धत एएसी, आणि चित्राचा आकार १९२० बाय १०८० पिक्सेल. यापेक्षा नवीन एच २६५ असतं, त्यात फाइल लहान होते हे खरं, पण जरा जुना टीव्ही असेल तर आवाज येतो आणि चित्र येत नाही. फोरके, म्हणजे १९२० बाय १०८०च्या दुप्पट रुंदी-उंचीचं चित्र, मोहात पाडतं पण कार्यालयातला प्रोजेक्टर कित्येकदा १०२४ बाय ७६८चाच असतो, तिथे फोरके पाठवून फक्त व्हिडिओ अडखळतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा ते, विचारला तर ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) द्या. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण एक एमबी, मिनिटाला साठ, दहा मिनिटांचा शो सहाशे एमबी. हा हिशोब लक्षात असला की फाइल बरोबर झालीय की नाही ते नुसत्या साइझवरून कळतं, दहा मिनिटांची फाइल चार एमबीची आली तर कुठेतरी गडबड आहे. आणि फोटो निवडताना हेही बघा की एक फोटो सहा सेकंद धरला तर मिनिटाला दहाच होतात. लोक तीनशे फोटो आणून देतात, तो अर्धा तास झाला, आणि पंगत बसायच्या आधी अर्धा तास कोणी बघत नाही. शंभरच्या आत आणा, अगदी मनापासून सांगते. कोणाचा फोटो गाळला म्हणून रुसवे होतात त्याला माझ्याकडे उपाय नाही.

फोटो हलताना साडीचा काठ झिमझिमतो अशीही तक्रार असते. हे पैठणीच्या जरीत आणि बारीक चौकड्यांच्या शर्टात फार दिसतं. कारण असं की मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० म्हणजे १२ मेगापिक्सेलचा, आणि पडद्यावर मावतात जेमतेम दोन मेगापिक्सेल, मग फोटो हळूहळू सरकत असताना बारीक रेघा कधी येतात कधी जातात. फोटो आधीच लहान करून घ्या, रुंदी तीन हजारच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी, आणि त्या फोटोला झूम कमी द्या. उलट फोटो धुरकट दिसत असेल तर तो बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेला असतो, तिथे फोटो दाबून लहान होतो आणि कधी काढला ती तारीखही निघून जाते, म्हणजे तारखेप्रमाणे लावायला गेलं की सगळा क्रम बिघडतो. नातेवाइकांना सांगायचं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुने कागदावरचे फोटो असतील तर ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन पुरतो, त्यात १८०० बाय १२०० मिळतं, पण पाकिटात ठेवलेले ते चिमुकले ब्लॅक अँड व्हाइट फोटो मात्र ६०० किंवा जास्तने करा.

आता मराठी अक्षरं. हा आपला खास त्रास आहे आणि इंग्रजी व्हिडिओ बघून त्याचं उत्तर मिळत नाही. दोन तऱ्हेने बिघडतं. एक म्हणजे कोणीतरी डीटीपीवाल्याकडून मजकूर टाइप करून आणतं, तो युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, त्यांच्याकडे ‘शुभविवाह’ छान दिसतं आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा घोळ दिसतो. दुसरं म्हणजे मजकूर युनिकोडच असतो पण सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जुळवता येत नाही, मग ‘मिलिंद’मधली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होऊन मधे हलंत दिसतात, ‘प्रकाश’चा ‘प् रकाश’ होतो. आजोबांचं नाव असं तुटलेलं भल्यामोठ्या पडद्यावर दिसलं तर मला सहन होत नाही, ज्यांचा सत्कार आहे त्यांचं नाव तरी धड हवं! उपाय सोपा आहे. मजकूर वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये लिहा, तिथे तो नीट दिसतो, आणि त्या स्लाइडचं पीएनजी चित्र करून ते फोटोसारखं स्लाइडशोत टाका. चित्र झालं की फॉन्टचा प्रश्नच मिटला. आणि मजकूर पडद्याच्या अगदी खालच्या कडेला नको, काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, मग ‘काशीयात्रा १९८४’मधलं अर्धं साल जातं.

कार्यालयाबद्दल जरा जास्त लिहिते कारण खरी धावपळ तिथेच होते. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावणार असाल तर तो कसा फॉरमॅट केलाय ते बघा. एफएटी३२ या पद्धतीने केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जातच नाही, जागा भरपूर असूनही एरर येते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केला तर मोठी फाइल जाते पण काही जुने टीव्ही तो पेन ड्राइव्ह ओळखतच नाहीत. आपली सहाशे एमबीची फाइल असेल तर एफएटी३२ उत्तम. लॅपटॉप लावणार असाल तर दोन गोष्टी. एचडीएमआय केबल लावली की विंडोज आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतं, प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरमधून तो पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू येत नाही, आणि लॅपटॉपला लावलेली साऊंडवाल्याची वायर मुकी राहते. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर वळवायचा, की साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये आवाज येतो. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही, तिथे ती वेगळी वायर हवीच. पडद्यावर काहीच येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी दाबा, डुप्लिकेट निवडा. लॅपटॉपचं झोपणं बंद करा, चार्जर लावा, आणि नेट बंद करा, नाहीतर ऐन आईवडिलांच्या फोटोवर कोणाचातरी मेसेज कोपऱ्यात उगवतो. व्हीएलसी प्लेअर टाकून ठेवा, तो फुकट आहे आणि जवळजवळ काहीही चालवतो. आणि पाहुणे यायच्या आधी त्याच पडद्यावर, त्याच केबलने, पहिलं एक मिनिट आणि शेवटचं एक मिनिट लावून बघा. घरी चाललं यावर अजिबात जाऊ नका.

शेअर करण्याचं थोडक्यात सांगते. मेलमध्ये नको, जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे आणि ईएक्सई (प्रोग्रॅमची) फाइल तर तो घेतच नाही. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून व्हिडिओ पाठवला की तो चेपला जातो, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. गूगल ड्राइव्हची लिंक द्यायची तर लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल असं सेटिंग करा, नाहीतर परवानगी मागणाऱ्या मेलची रांग लागते, आणि बघणाऱ्याला सांगा की डाउनलोड करून बघ, ड्राइव्हमध्येच लावला की बराच वेळ प्रोसेसिंग चालू राहतं. परदेशातल्या मंडळींना यूट्यूब सोयीचं, तिथे अनलिस्टेड ठेवा म्हणजे शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्याकडे गेली तो बघू शकतो हे घरच्यांना सांगून मगच टाका, लहान मुलांचे फोटो असतात.

यूट्यूबवर सिनेमाचं गाणं लावलं की कंटेंट आयडी ही यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा ते ओळखते, गाण्याच्या मालकाचा हक्क सांगणारा क्लेम येतो, कधी जाहिरात लागते तर कधी काही देशांत व्हिडिओ दिसतच नाही, आणि नेमका भाचा असतो तिकडेच. मी तर आता सिनेमाची गाणी जवळजवळ सोडलीच आहेत. मोबाइल समोर ठेवून आजींना जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावायचं, काकांना वाड्याची हकीकत सांगायला लावायचं, आणि तो आवाज फोटोंखाली घालायचा. क्लेमही येत नाही आणि ऐकताना हॉल असा शांत होतो की बस्स.

ज्यांच्याकडे जुने स्लाइडशो आहेत त्यांनी हे नक्की करा. मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७मध्ये बंद केलं, पिकासा या फोटोंच्या सॉफ्टवेअरचं काम गूगलने २०१६मध्येच थांबवलं, प्रोशो बनवणारी फोटोडेक्स कंपनी जानेवारी २०२०च्या शेवटी बंद झाली, आणि ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२०नंतर संपलं. या कशातही केलेलं काही असेल आणि ते सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर अजून चालतंय तो कॉम्प्युटर घरात असेल, तर भंगारात द्यायच्या आधी त्यावर बसून व्हिडिओ एक्सपोर्ट करून घ्या. सीडी-डीव्हीडीवर आधीच व्हिडिओ असेल तर हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर त्याचा एमपीफोर करून देतं. आणि ज्याचा कार्यक्रम होता त्याच्या हातात पेन ड्राइव्ह देताना त्यात व्हिडिओ तर द्याच, पण मूळ फोटोंचा फोल्डरही द्या, आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोणत्या फोटोत डावीकडून कोण कोण आहे ते लिहून द्या. फोटोंना ००१, ००२ असे नंबर द्या, नुसते १, २ दिले तर काही टीव्ही १ नंतर १० लावतात.

एवढं करूनही अडलं तर खुशाल विचारा, फक्त ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, तो व्ह्यूमध्ये जाऊन चालू करा आणि मला फाइलचं पूर्ण नाव, साइझ, कुठे लावताय, टीव्ही की लॅपटॉप की मोबाइल, आणि पडद्यावर जो काही मेसेज येतोय त्याचा फोटो पाठवा. चित्र येत नाहीये की आवाज, तेही लिहा. आणि शक्यतो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विचारा, म्हणजे गरज पडली तर पुन्हा एक्सपोर्ट करायला वेळ राहतो.