मांडीचा सातबारा

बाई उभी राहिली की मांडी नाहीशी होते आणि बसली की परत येते. अशी येणारी-जाणारी जागा घरात दुसरी नाही, आणि जिच्यावरून इतकी भांडणं होतात अशीही नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात रिमोट, खिडकीजवळची गादी, आबांची आरामखुर्ची, सगळ्यावर तडजोड होते. माझ्या मांडीवर होत नाही.

मुली दोन. थोरली दुसरीत, धाकटी बालवाडीत. अगदी आत्ताआत्तापर्यंत वाटणी सरळ होती. उजवी मांडी थोरलीची, डावी धाकटीची, आणि मधला बांध दोघींनी रोज थोडाथोडा कोरायचा. सातबारा काढला असता तर भोगवटादार म्हणून दोघींची नावं निघाली असती आणि इतर हक्कांत मांजराचं. माझं नाव कुठंच नसतं. मी फक्त शेतसारा भरायचा.

आता तिसरा वारस आलाय, आणि तो शेजारून नाही, वरून जमीन खातोय. पाचव्या महिन्याच्या सुमाराला गर्भाशय बेंबीपर्यंत येतं, नववा लागेपर्यंत बरगड्यांना टेकतं, असं दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात दिसतं. चित्रातली बाई उभी असते म्हणून ठीक आहे. बसल्यावर ते पोट कुठं जातं हे चित्रकारानं काढलेलं नाही. ते सरळ मांडीवर येऊन बसतं. सातवा लागला तेव्हा पोटापासून गुडघ्यापर्यंत वीतभर जागा उरली होती, आणि त्या वितीत दोघी.

“मम्मी, मागं सरक की.”

कुठं सरकू? मागं भिंत.

परवा धाकटी तशीच कशीबशी टेकून भाकरी खात होती. पाठ माझ्या पोटाला, ताटली तिच्या गुडघ्यावर, शेंगदाण्याच्या चटणीत तेल जरा जास्तच. आतून एक दणका बसला. चांगला जोराचा, ताटलीतली चटणी हलली. ती थबकली. वळून माझ्याकडं पाहिलं, मग पोटाकडं. “त्यानं मला ढकललं.” मी काही बोलायच्या आत तिनं तेलकट हात पोटावर ठेवला, तोंड जवळ नेलं आणि बजावलं, “ए, आम्ही आधी आलोय.” सहावा-सातवा महिना आला की बाळाला बाहेरचे आवाज ऐकू जातात म्हणतात. म्हणजे नोटीस पोचली असणार. उत्तरादाखल आणखी एक दणका आला. तिनं ताटली उचलली आणि आबांकडं गेली.

डॉक्टरांनी सांगितलंय, मुलींना उचलायचं नाही. आपण खाली बसायचं आणि त्यांना चढू द्यायचं. सल्ला चांगला आहे. फक्त मी बसले रे बसले की कुठल्याही खोलीतून दोघी धावत येतात, आणि खाली बसलेली मी उठताना खिडकीचा गज, टेबलाचा पाय, नवऱ्याचा खांदा असा प्रवास करत वर येते. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे मात्र खरंच अवघड जातं. कोल्हापुरात संध्याकाळी चहा टाळणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान करणं आहे.

माहेरी गारगोटीला जाताना एसटीत बसलं की मांडीला सरकारी मान्यता मिळते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. म्हणजे महामंडळाच्या हिशेबानं ते मूल सीटवर नसतंच, मांडीवर असतं. थोरलीचं अर्धं तिकीट, आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांनाही अर्धं, त्यामुळं मी आणि थोरली दोघी एकाच किमतीच्या. अर्धं तिकीट काढून पूर्ण सीट मिळालेली ही बया तरी बसते कुठं? माझ्यावर रेललेली. मागच्या खेपेला गाडी गच्च होती. शेजारच्या सीटवरच्या आजींनी माझ्याकडं एकदा, पोटाकडं एकदा बघितलं, पिशवी पायाखाली सारली आणि म्हणाल्या, “आण इकडं पोरीला.” ना नाव विचारलं, ना गाव. धाकटी गेली, बसली आणि गाडीनं शहर सोडायच्या आत झोपलीसुद्धा. लुगड्याच्या ओच्यात गूळ-शेंगदाण्याची पुडी होती. उतरताना ती पुडी हिच्या मुठीत आली. अनोळखी बाईची मांडी चालते, बापाची चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बापाची का चालत नाही, तर “बाबांच्या पँटला जळका वास येतो.” येतो खरा. तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. साच्यातली वाळू, तेल आणि लोखंड याचा वास तीनदा धुतलं तरी जात नाही. वर त्याची मांडी हाडकुळी. तो बिचारा संध्याकाळी अंघोळ करून, पावडर लावून पाट मांडल्यासारखा बसतो आणि दोघी त्याच्यावरून उडी मारून माझ्याकडं येतात.

रात्री आबा गोष्ट सांगतात. त्यांनी नेमकी ध्रुवाची काढली. उत्तानपाद राजा, त्याच्या मांडीवर उत्तम बसलेला, ध्रुव जवळ गेला तर सुरुचीनं त्याला हटकलं, मग तो रडत सुनीतीकडं आणि तिथून थेट वनात. आबांचा आवाज इथं नेहमी कातर होतो. थोरलीनं मध्येच विचारलं, “पण आबा, मांड्या दोन असतात की. दुसरीवर का नाही बसवलं?”

आबा गप्प. मीही. इतकी वर्षं कीर्तनात, पुस्तकात ही गोष्ट ऐकली, राजाला दोन मांड्या होत्या हे कुणाला सुचलं नव्हतं. मला तर तेव्हापासून सुरुचीपेक्षा उत्तानपादाचाच जास्त राग येतो. बायको बोलतीय आणि हा आपला दुसरी मांडी मोकळी ठेवून बसलाय. आबांनी घसा खाकरून, “राजाची मांडी असते ती, तिचे नियम वेगळे,” असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि पोराला ध्रुवपदावर चढवलं. धाकटीनं गोष्टीतून तिच्यापुरतं उचललं. दुसऱ्या दिवशी मी “आत्ता नको गं, पाठ दुखतीय” म्हटल्यावर तिनं चप्पल घातली.

“कुठं निघालीस?”

“रंकाळ्याला. तप करायला जातो मी.”

बाहेर विचारणारी माणसं मात्र मांडीबद्दल विचारत नाहीत. दोन मुलींवर तिसरं म्हटल्यावर त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. महाद्वाराबाहेर ओटीचं सामान घेताना खण, नारळ, तांदूळ पिशवीत घालता घालता फुलवालीही म्हणाली, “यंदा पोरगाच होतोय बघा.” अंबाबाईची ओटी भरायला निघालेल्या बाईला हे सांगायचं! मी हसले आणि वेणी घेतली. पण हसू सगळ्या वेळी येत नाही. २००१ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. उरलेल्या कुठं गेल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लिंग सांगणार नाही अशी पाटी असते, कायदा १९९४ चा आहे, आणि पाटीखालच्या बाकावर बसून एक काकू मला चेहऱ्यावरून मुलगा ओळखायची पद्धत शिकवत होत्या. मला तिसरं हवं होतं, इतकंच. नवऱ्यालाही. त्याच्या मित्राला वेगळीच चिंता: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालेल्याला महापालिकेला उभं राहता येत नाही. “गेलं रे तुझं नगरसेवकपद,” म्हणून त्यानं तालमीच्या दारात नवऱ्याचं सांत्वन केलं. नवरा सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा जात नाही.

आबांनी या सगळ्यात एकच हट्ट धरला, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन मी समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यावं, म्हणजे पोर पैलवान होईल. या दिवसांत कच्चं दूध नको, हे त्यांना पटेना. शेवटी दूध घरी आणून उकळायचं ठरलं. आणायला रोज नवरा दोघींना घेऊन जातो, आणि इथंच नवऱ्याचं नशीब उघडलं. कट्ट्यावर म्हैस उभी, चरवीत धार पडताना चर्र चर्र आवाज, वर फेस. आणि म्हैस जवळून बघायची तर भीती वाटते. भीती वाटली की जळका वास येत नाही. परत येतात तेव्हा धाकटीच्या ओठावर पांढरी मिशी आणि ती बापाच्या कडेवर. कडेवरून खाली उतरायला तयार नाही. मांडी नाही, पण त्याची सुरुवात झाली म्हणायची.

सासूबाईंचा प्रश्न निराळा आहे. दोन्ही नातींना त्यांनीच पाय लांब करून, पायांवर पालथं घालून न्हाऊ घातलं. वावडिंग, ओवा, शेपाची धुरी दिली. आता गुडघे वाकत नाहीत. “मी चौरंगावर बसून घालीन,” त्या म्हणतात. चौरंगावर बसलं तर पाय जमिनीवर लांब राहतील का, बाळ घसरेल का, यावर घरात रोज चर्चा. अळीव आणून ठेवलाय, गूळ इथलाच, डिंक राजस्थानचा की कुठला यावर वाद, पण गुडघ्यांचा इलाज कुणाकडं नाही.

तो इलाज थोरलीनं काढला असावा. काल दुपारी कोरड्या मोरीत ती भिंतीला टेकून बसली होती, पाय सरळ लांब, पायांवर आडवी उशी. सासूबाई दारातून सूचना देत होत्या: टाचा जुळवून ठेव, मान धर, तोंडात पाणी जाऊ देऊ नको. धाकटी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं उशी ओढून बाजूला टाकली आणि स्वतःच पालथी पडली. तिचे पाय पार नळाखाली गेले.

“मला घाल अंघोळ.”

थोरलीनं वरून खाली पाहिलं. नकार देईल असं वाटलं. पण तिनं रिकामा तांब्या उचलला, पाठीवर उपडा केला आणि अगदी सासूबाईंच्या आवाजात म्हणाली, “घालतो. पण बाळ आलं की उठायचं.”

“बघू,” धाकटी म्हणाली. ही आबांची बोलायची पद्धत आहे, आणि आमच्या घरात याचा अर्थ नाही असा होतो.