गाठ होती, पण ट्यूमर नव्हता: रिपोर्टसाठी काउंटरवर घातलेले हेलपाटे

धाकट्या बहिणीच्या डाव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या, म्हणून एमआरआय केला. मेंदूत उजव्या बाजूला भलीमोठी गाठ. रिपोर्टमध्ये पहिली शक्यता ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींच्या ट्यूमरची, लिहिली होती आणि तिच्याखाली 'ट्यूमेफॅक्टिव्ह डिमायलिनेशन'. म्हणजे मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण दाहामुळे झडतं आणि तो भाग ट्यूमरसारखा दिसतो. 2 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या डागांना सहसा हे नाव देतात. त्या ओळीवर तेव्हा कुणी थांबलंच नाही. सर्जनची भेट, अॅडमिशन, बायोप्सी हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते त्यानंतर, पॅथॉलॉजीच्या काउंटरवर.

ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनवरून, म्हणजे तुकडा गोठवून केलेल्या झटपट तपासणीवरून, 'ग्लायोमा वाटतो' असं कळवलं गेलं. घरात रेडिएशनची बोलणी सुरू झाली. पक्का रिपोर्ट काही येईना. काउंटरवर गेलं की उत्तर ठरलेलं, "आयएचसी चालू आहे, झाला की फोन करू." आयएचसी म्हणजे अँटिबॉडी लावून पेशींचा प्रकार ओळखण्याची तपासणी. फोन कधीच आला नाही. शेवटी मी हटून बसलो, तेव्हा नमुन्याबरोबर आलेला फॉर्म माझ्यासमोर ठेवला. क्लिनिकल हिस्टरीच्या रकान्यात दोनच शब्द होते, 'ब्रेन ट्यूमर'. त्रास किती झपाट्याने वाढला, आधी एका डोळ्याची नजर धूसर होऊन आपोआप सुधारली होती, यातलं एक अक्षर नाही. एमआरआयची सीडी तर पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचलीच नव्हती. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कारण हा आजार सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा फसवतो. दाहामुळे अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशी फुगतात, काहींची केंद्रकं विभाजन चालू असल्यासारखी दिसतात. मायलिनचा कचरा गिळून बसलेल्या मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशीही ट्यूमरच्या पेशींसारख्या वाटू शकतात. त्या ओळखायला सीडी68 चा स्टेन, म्हणजे ठरावीक पेशींनाच चढणारा खास रंग, लागतो (एमआरआयच्या सीडीशी या नावाचा संबंध नाही). मायलिन गेलंय पण तंतू बरेचसे शाबूत आहेत, हे दाखवायला आणखी वेगळे स्टेन. पण मुळात शंका आली तरच ते लावले जाणार, आणि शंका यायला माहिती हवी. आमच्या एमआरआयमध्ये खुणा होत्या: शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने उजळलेली रिंग बाहेरच्या करड्या भागाकडे तुटलेली, आणि गाठीच्या मानाने सूज आणि दाब बराच कमी. या खुणांवरून निदान पक्कं होत नाही, पण पाहणारा सावध नक्की होतो.

न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी सगळी हिस्टरी स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायला सांगितलं. मग ब्लॉक मिळवण्याची लढाई. आधी "ब्लॉक बाहेर देत नाही", मग "डॉक्टरांचं पत्र आणा", पत्र नेलं तर "यावर शिक्का नाही". ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तो ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या चौकटीतलं पांढरं मेण आणि त्यात अडकलेले शेवयांच्या तुकड्यांसारखे बायोप्सीचे बारीक कण. नुसत्या स्लाइड घेऊन समाधान मानू नका, ब्लॉकही मागा. नवे स्टेन करायचे तर त्यातूनच नवे काप काढावे लागतात.

आधी सांगायला हवं होतं ते आत्ता आठवलं: बायोप्सीआधी स्टेरॉइड द्यायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गाठ लिम्फोमाची (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची) असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती विरघळते आणि बायोप्सीत काहीच हाती लागत नाही. दाब धोकादायक असेल तर मात्र थांबता येत नाही, तो निर्णय त्यांचाच. अशाच दाहाच्या इतर आजारांत सापडणाऱ्या एक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटिबॉडींच्या रक्ततपासण्यांबद्दलही विचारून ठेवा.

दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी सीडी पाहिली, नवे स्टेन लावले, टीबी, बुरशी आणि आयजीजी4 या अँटिबॉडीशी जोडलेला दाहाचा आजार तपासून बाजूला काढले आणि लिहिलं: डिमायलिनेशन, ट्यूमर नाही. तो कागद हातात आला आणि मी तिथल्या तिथे बाकावर बसून रडलो. ज्या रेडिएशनची आम्ही तयारी करत होतो, त्याने या आजारात उलट नुकसान होऊ शकतं.

मग सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. रोज 1 ग्रॅम, साधारण 3 ते 5 दिवस देतात. त्याने फरक पडला नाही तर प्लाझ्मा एक्सचेंजचा, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून बदलण्याचा, मार्ग असतो, तिला तो लागला नाही. हळूहळू पकड परत आली, पुढच्या एमआरआयमध्ये डाग आक्रसलेला दिसला. काहींना हा झटका एकदाच येतो, काहींना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मायलिनवर पुन्हापुन्हा हल्ला होणाऱ्या आजाराचं, निदान होतं, म्हणून तिचे एमआरआय ठरल्या वेळी चालूच आहेत.

तुमच्या घरात कुणाची बायोप्सी ठरली असेल तर नमुन्याबरोबर जाणारा फॉर्म आदल्या दिवशीच बघायला मागा. हिस्टरीचा रकाना डॉक्टरांकडून पूर्ण भरून घ्या, एमआरआयची सीडी सोबत द्या आणि ती मिळाल्याची नोंद रजिस्टरमध्ये करून घ्या.